कालव्याकाठचा निवांत दिवस

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बहिणी नंबर यायची वाट बघत होत्या.

"झाला बाई काल एकदाचा आमचा निवांत दिवस, ताई!"

"जुन्या कालव्याकाठी, सायकलवरून? जावईबापू स्वतः घेऊन गेले म्हणे."

"घेऊन कसले जातात! पहिल्या दगडी पुलापासून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती."

"मधे थांबायचे तरी ना?"

"थांबले की. फोटो काढायला. स्वतःचा."

"शोभतं हो त्यांना."

"मग माझी चेन निसटली. हाका मारल्या, पण ह्यांच्या कानांत गाणी. गेले आपले भुर्रकन."

"आणि तू?"

"पाण्यात पाय सोडून बसले. बदकं होती सोबतीला. ती बरी, माझ्याजवळ थांबली तरी."

"परत कधी आले?"

"ऊन उतरल्यावर. आल्या आल्या माझ्यावरच खेकसले. म्हणे, एवढीशी चेन बसवता येत नाही, माझा अख्खा दिवस नासवलास."

"अगं, पण चेन बसवायला मला तूच तर शिकवलंस!"

"हो ना. ती मी तेव्हाच बसवली होती."

"मग त्यांच्यामागे का नाही गेलीस?"

"मी मागे नाहीये, हे त्यांच्या कधी लक्षात येतं, ते बघायचं होतं."