आईंनी पुढे न केलेला हात

सभेचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे अधिष्ठाता महोदय; व्यासपीठावरचे संचालक मंडळाचे मान्यवर सदस्य; संशोधन विभागाचे नवे प्रमुख; आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या सत्कारमूर्ती, हृदयविभागाच्या मोठ्या डॉक्टरबाई; समोर बसलेले सर्व डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डातले मदतनीस, आणि ज्यांना खुर्ची मिळाली नाही म्हणून जे भिंतीला टेकून उभे आहेत ते सगळेच; आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला ‘कुटुंबाच्या वतीने दोन शब्द’ बोलायला बोलावलं. कुटुंब म्हणजे आता मी आणि माझी लेक, एवढंच. मी डॉक्टरबाईंची भावजय. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. ‘वरची ओळ दिसते का? आता खालची?’ माझं रोजचं भाषण एवढंच असतं, सभेत बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

मघापासून ताईंच्या कामाबद्दल पुष्कळ बोललं गेलं. मीही त्याच कामाबद्दल बोलणार आहे, पण आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून ते जसं दिसलं, तसं.

आपण दंडाला पट्टा बांधतो, तो फुगतो, मग हवा हळूहळू सुटते आणि यंत्र दोन आकडे सांगतं. वरचा आणि खालचा. आपण विचारतो, ‘ठीक आहे ना?’ समोरचा म्हणतो, ‘ठीक आहे,’ आणि आपण बाही खाली करतो. ताई ऐन उमेदीत असताना घरी येऊन तावातावानं सांगायच्या, “अरे, हवा सुटताना नाडीचा एकेक ठोका त्या पट्ट्याला धक्का देत असतो. प्रत्येक धक्क्याला आकार असतो. रक्तवाहिनी मऊ आहे की ताठरलीय, हृदयातून निघालेली लाट लांबून परत यायला किती वेळ घेते, सगळं त्या आकारात असतं. आणि ही यंत्रं काय करतात? दोन आकडे ठेवतात आणि बाकीचं फेकून देतात!”

त्यावर आमचे हे म्हणायचे, “ताई, म्हणजे तू कचऱ्यात काम करतेस.”

हे म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. तलावावर पोहणं शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, ताई बाळ्या म्हणायच्या. छाती दारात मावायची नाही अशी. सर्दीसुद्धा कधी झाली नाही या माणसाला. औषधाच्या नावानं शंख. पाण्याला घाबरणाऱ्या पोरांना ते आधी काठावर बसवून नुसते पाय हलवायला लावायचे, आणि पोरं पाण्यात कधी उतरली ते पोरांनाच कळायचं नाही. रागावणं त्यांना जमायचंच नाही. ते काम माझ्याकडे होतं.

ताईंना तेव्हा धडधाकट माणसं हवी होती. आजारी माणसांच्या लाटा होत्या, पण ताडून बघायला निरोगी कुणीतरी हवं ना? हे हसत हसत गेले. “याच्यापेक्षा निरोगी तुला मिळायचा नाही,” असं मीच ताईंना म्हणाले. पट्टा बांधला. आकडे अगदी पुस्तकात छापावे तसे. आणि लाट? लाट एखाद्या म्हाताऱ्या माणसाची असावी तशी. परतणारी लाट फार लवकर येत होती, ताठर नळीतून यावी तशी, आणि पुढच्या लाटेच्या पाठीवर आदळत होती.

ताईंनी आधी पट्टा बदलला. मग यंत्र बदललं. मग स्वतःच्या दंडावर लावून पाहिलं. यंत्र ठीक होतं.

त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या त्या चपला न काढताच आत आल्या. म्हणाल्या, “बाळ्या, तुझी छाती आतून बघायला हवी. मोठी रक्तवाहिनी बघायला हवी.”

तिथून पुढे जे व्हायला हवं ते सगळं झालं. मला आज इथे हे स्पष्ट सांगायचंय, कारण माणसं अजूनही दबक्या आवाजात विचारतात. हे तपासून घ्यायला गेले. हृदयाचा आलेख काढला, तो उत्तम. पळायच्या यंत्रावर पळवलं, तर शेजारी उभा तंत्रज्ञच दमला. तेव्हाचे वरिष्ठ डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी ताईंना समजुतीनं सांगितलं, “तुमचं यंत्र अजून स्वतःच परीक्षेला बसलंय. त्याच्या बोलण्यावर धडधाकट माणसाला कशाला घाबरवता?” त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर दुसरं काय बोललं असतं? आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, जीव भांड्यात पडला. माझाही. एकट्या ताईंचा पडला नाही. त्यांनी खटपट करून आतली तपासणी ठरवलीच. हे म्हणाले, “जातो बाई. सुट्टीतल्या पोरांची तुकडी संपू दे, लगेच जातो. मधेच सोडलं तर परत पाण्याला घाबरतील.”

तुकडी संपायला थोडेच दिवस राहिले होते. सकाळी पोरांना बाहेर काढून, अंग पुसायला लावून, हे बाकावर बसले. कुणाला तरी म्हणाले, “पाठीत उसण भरलीय.” आणि तिथेच कलंडले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती. ताईंना जी भीती होती, तीच.

चूक कुणाची? मी या प्रश्नाभोवती फार फिरले आहे. तुम्हाला सांगते, कुणाचीच नव्हती. आणि हेच सोसत नाही. कुणावर तरी दात-ओठ खाता आले असते, तर निदान दिवस तरी ढकलता आले असते.

(पाणी देता का थोडं? ... हं, झालं. आभारी आहे.)

त्यानंतर ताईंनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं. नुसती नोकरी करायच्या. वॉर्डात यायच्या, जायच्या. आणि मी? मला एकच भीती खात होती. आमची लेक तेव्हा लहान होती, शाळेत नुकतीच रुळत होती. बापाचं नाक, बापाची जिवणी, बापाचं हसू. बापाची रक्तवाहिनीही घेतली असेल तर? मी तिला घेऊन थेट ताईंकडे आले आणि म्हणाले, “हिचं बघा.”

ताई म्हणाल्या, “वहिनी, मला हे सांगू नकोस. दुसरं काहीही सांग.”

मी म्हणाले, “दुसऱ्या कुणाला हे दिसत नाही, ताई. मी कुणाकडे जाऊ?”

त्यांनी कुलूप उघडलं. पट्टा हातात घेतला, पण त्यांना तो बांधता येईना. शेवटी मीच बांधला, उलटा बांधला, आणि लेक म्हणाली, “आत्या, आईला येत नाही, तू सांग ना तिला.” ताई सांगत गेल्या तसा मी तो सरळ केला. हवा भरली, सुटू लागली, आणि पडद्यावर एकेक ठोका उमटू लागला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी पडदा पाहत नव्हतेच, ताईंचा चेहरा पाहत होते. त्यांनी शेवटच्या ठोक्यापर्यंत पडदा पाहिला. मग म्हणाल्या, “मऊ आहे. लाट निवांत परत येते आहे.” आणि तिथेच, त्या लहान मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते कुलूप पुन्हा लागलं नाही. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मघाशी अधिष्ठाता सरांनी सांगितलं, की आज इथल्या प्रत्येक वॉर्डात आकड्यांच्या खाली ती लाट दिसते, आणि तिच्यामुळे किती जणांना वेळेवर पुढच्या तपासणीला पाठवता आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. टाळ्या वाजवताना माझ्या मनात काय होतं, ते मात्र विचारू नका.

आता ज्याच्यासाठी मी हे दोन शब्द मागून घेतले, ते सांगते. हो, अधिष्ठाता सरांकडे मागून घेतले. सूत्रसंचालकांना वाटतंय त्यांनी मला बोलावलं.

आमच्या आई शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिल्या. ताई दर रविवारी जेवायला यायच्या, आणि पिशवीत पट्टा असायचाच. जेवणं झाली की म्हणायच्या, “आई, हात दे.” आणि आई हात द्यायच्या नाहीत. एका रविवारी म्हणायच्या, “तुझे हात गार आहेत.” पुढच्या रविवारी म्हणायच्या, “आत्ताच जेवले, आता काय बघतेस?” कधी शालीत हात घेऊन झोपेचं सोंग घ्यायच्या. सोंग, कारण ताई गेल्या की लगेच उठून मला म्हणायच्या, “चहा टाक.” वर्षानुवर्षं असं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स आली, की तिच्यापुढे मात्र निमूट बाही वर करायच्या. ताईंना हे माहीत होतं. त्या पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवायच्या.

या वर्षाच्या सुरुवातीला आई याच रुग्णालयात होत्या. ज्या विभागाच्या ताई प्रमुख, त्याच विभागात. आणि आईंच्या दंडाला पट्टा बांधायची एक परिचारिका, अन् ताई काचेबाहेर उभ्या. आई गेल्या, तेव्हा बाहेर बाकावर ताई मला म्हणाल्या, “वहिनी, बाळ्याबद्दल आईनं मला शेवटपर्यंत माफ केलं नाही गं.”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात माणसं आली, कागद आले, सह्या आल्या. आणि त्यानंतर ताई घरी यायच्याच बंद झाल्या. फोन केला की ‘वॉर्डात आहे’. दारात गेले की ‘बैठक आहे’. ‘आईंबद्दल काही सांगायचंय’ म्हटलं की ‘नको, वहिनी’ म्हणून फोन बंद. आज मात्र त्या सत्कारमूर्ती आहेत. समोर इतकी माणसं आहेत. त्यांना उठून जाता यायचं नाही.

ताई, ऐका.

मी आईंना एकदा विचारलं होतं. जरा रागानंच विचारलं होतं, की लेकीला असं का छळता? एवढा राग कशाचा? आई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, “राग? तिच्यावर? अगं, एकदा तिला दिसलं, आणि ते घेऊन ती पोर एकटी दारोदार फिरली. कुणी ऐकलं नाही तिचं. मलाही ऐकायचं धाडस झालं नाही. आता माझं वय झालंय. माझ्या हातात तिला काही ना काही दिसणारच. मग पुन्हा तिनं ते उरावर घेऊन फिरायचं? त्या नर्सला काय, ती आकडा बघते आणि विसरते. माझी लेक विसरत नाही.”

आणि मला त्यांनी शपथ घातली. “मी आहे तोवर बोलू नकोस. कळलं तर हट्टानं पट्टा बांधेल.”

तुम्ही बांधलाच असता, ताई. मी तुम्हाला ओळखते.

मोठ्या माणसांच्या सभेत मी घरातलं बोलले. अध्यक्ष महोदय, हे शिस्तीत बसत नाही, मला कळतंय. पण तुम्ही सगळे ताईंची माणसं आहात. त्यांनी सगळं आयुष्य तुमच्यात काढलं, म्हणून तुमच्यादेखत सांगितलं. एरवी त्यांनी विश्वास ठेवला नसता. वाटलं असतं, वहिनी समजूत घालते आहे.

ताई, आईंची खोली मी अजून आवरलेली नाही. कपाट उघडायला माझा एकटीचा हात होत नाही. या रविवारी या. काही न आवरता दोघी नुसत्या बसू, तरी चालेल.

अधिष्ठाता सरांनी आणि आयोजकांनी मला ही संधी दिली, त्यांचे आभार मानते. वॉर्डातल्या ज्या परिचारिकेनं शेवटच्या दिवसांत आईंचा हात हातात धरला, ती इथे असेल, तिचे विशेष आभार. बोलताना माझा तोल गेला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर ते सगळं पोटात घाला.

हा माइक आता कुणीतरी धरा. मला ताईंजवळ जायचंय.