दाराखालचा पत्रा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आमचे मालक, ज्यांच्यासाठी आज गॅरेजचं शटर दुपारीच खाली ओढून आपण इथे जमलो ते आमचे पत्रेकामाचे मास्तर, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या वहिनी, समोरचे सगळे कारागीर, जुनी गिऱ्हाइकं आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या सिस्टर, सगळ्यांना माझा नमस्कार.

माझा आवाज बसलेला आहे. माईकचा दोष नाही. सव्वीस वर्षं थिनरच्या वासात काढली की घसा असाच होतो. बोलायची सवय नाही. मालक म्हणाले, "मास्तरांबरोबर सगळ्यात जास्त वर्षं तू काढलीस, चार चांगले शब्द बोल." चार शब्द मी काल लिहून आणलेत. ते खिशात आहेत. बघू, तिथपर्यंत पोहोचतो का.

आमचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. मास्तर पत्रा सरळ करतात, मी त्याच्यावर रंग देतो. लोक रंगाचं कौतुक करतात. पोचा कुठे होता, हे शोधूनही सापडत नाही, तेव्हा त्याचं श्रेय कुणाचं? पत्रेवाल्याचं. पण त्याचं काम दिसतच नाही. दिसलं तर ते बिघडलेलं. अशा कामात माणसाने आयुष्य घालवावं आणि एकदाही कुरकुर करू नये, हे मला जमलं नसतं.

मास्तरांची एक पद्धत होती. जुनी गाडी आली की आधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचे. खणखणीत वाजलं तर पत्रा. बद्द वाजलं तर आत कुणीतरी लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, थापलेली आहे. मला म्हणायचे, "रंगाला फुगे आले की वरून घासू नकोस. फुगा आतून येतो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत काप, मग बघू." हे मी किमान शंभरदा ऐकलंय. तरीही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सिस्टर तेव्हा इस्पितळात नोकरीला होत्या. त्यांची आकाशी रंगाची गाडी, तेव्हाच सतरा वर्षांची. डाव्या बाजूला, दाराखालच्या लांब पत्र्यावर फुगे आले होते. मास्तर मुलीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस रजेवर. सिस्टर मालकांना म्हणाल्या, "आईला शनिवारी उपचाराला न्यायचंय, बसने तिला झेपत नाही. तेवढं बघा." मालकांनी मला विचारलं, "वरवरचं आहे की खोल?"

मी म्हणालो, "वरवरचं."

खोटं नव्हतं बोललो. तेव्हा मी पाहिलंच नव्हतं. पाहिलं दुसऱ्या दिवशी. घासायला कागद लावला आणि पत्र्याला अंगठा जाईल एवढं भोक पडलं. आतून गंजाचे पापुद्रे गळायला लागले. त्या क्षणी मालकांकडे जाऊन "मास्तर येईपर्यंत थांबू या" म्हणायचं होतं. मी दमलेलो होतो, हातात तीन गाड्या होत्या, आणि बाई शनिवार शनिवार करत होत्या. मी भोकात जाळी कोंबली, वर लांबी ओढली, घासली, प्रायमर मारला, रंग दिला. शेड अशी जुळली की माझी मलाच मौज वाटली. सिस्टर गाडी न्यायला आल्या, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "अहो, ही माझीच ना?"

मास्तर रजेवरून आले तेव्हा गाडी गेलेली होती. मी काही बोललो नाही.

(मास्तर, तुम्ही हातवारे करू नका. अध्यक्ष महाशयांनी मला दहा मिनिटं दिलीत.)

सव्वा वर्षाने गाडी परत आली. मागच्या चाकातून आवाज येतो, एवढीच तक्रार. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मास्तर म्हणाले, "मी बघतो." डावीकडे, त्याच दाराखालच्या पत्र्याला जॅक लावला, अगदी जिथे लावायचा तिथेच. चाक काढलं आणि आत डावा हात घातला. जॅकने पत्रा फोडला आणि गाडी खाली आली. मी समोर उभा होतो, हातात रंगाची बंदूक. आवाज मोठा नव्हता. मास्तर ओरडलेही नाहीत. फक्त म्हणाले, "उचला."

दोन बोटं गेली. पत्रेवाल्याच्या डाव्या हाताची दोन बोटं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. उजव्या हाताने हातोडी मारतात, पण पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरतो तो डावा हात. त्याच्या अंदाजावरच सगळं काम.

तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो. मास्तरांनी वहिनींना चहा आणायला पाठवलं. वहिनी, आठवतंय? चहा नको होता त्यांना. तुम्ही दाराबाहेर गेल्यावर म्हणाले, "लांबी तुझी होती ना? कडेला जाळी दिसली मला."

मी मान हलवली.

"मालकांना सांगितलंय, जॅक मी चुकीच्या जागी लावला."

"मास्तर, असं कशाला? मी सांगतो त्यांना."

"सांगून काय होणार? ते तुला ठेवणार नाहीत. तुझी दोन्ही पोरं शाळेत आहेत. माझी बोटं थोडीच परत येणार आहेत?" मग म्हणाले, "तेवढा पत्रा मात्र आता नीट कर. सगळा काप."

मी कापला. नवा पत्रा वेल्डिंग करून घेतला, इंचभरही जुनं ठेवलं नाही. आणि गप्प बसलो. मास्तर गप्प, मी गप्प. अळीमिळी गुपचिळी, अकरा वर्षं.

मालक, त्यानंतर तुम्ही नियम केलात की मास्तरांनी जॅकला हात लावायचा नाही. तुमचं चुकलं नाही, तुम्हाला जे सांगितलं त्यावरून तुम्ही वागलात. पण तीस वर्षांचा अनुभव असलेला हा माणूस काल कामाला लागलेल्याला हाक मारून सांगायचा, "बाबा रे, जरा जॅक लावून दे." पोरं आपसात हसायची. मी दहा फुटांवर गाडी घासत असायचो. ऐकू यायचं.

आणि सिस्टर. मास्तरांना ठेवलं होतं ते तुमच्याच वॉर्डात. रोज पट्टी बदलताना तुम्ही म्हणायचात, "माझ्या जुन्या गाडीपायी झालं हे." पुढे दुरुस्त झालेली गाडी तुम्ही विकून टाकलीत, तिच्यात बसवत नाही म्हणालात. आईंना शेवटपर्यंत बसने नेलंत. गेल्या आठवड्यात तुम्ही गॅरेजवर आलात, मास्तरांना निरोपाला काय द्यावं हे विचारायला. जाताना म्हणालात, "पेंटर, मी त्या पत्र्याकडे वेळेवर लक्ष दिलं असतं, तर आज त्यांना दुखऱ्या हातामुळे चार वर्षं आधी घरी बसावं लागलं नसतं." मी रंग ढवळत राहिलो. "असं असतं एकेकाचं नशीब" असं काहीतरी पुटपुटलो. त्या रात्रीपासून मला जेवण जात नाही.

मास्तर म्हणतायत, "पुरे." मास्तर, अकरा वर्षं तुमचं ऐकलं. आज नाही ऐकत.

सिस्टर, तुम्ही वेळेवर लक्ष दिलं होतं. फुगे दिसल्याबरोबर गाडी घेऊन आला होतात. मालक, जॅक बरोबर जागी होता. तिथला पत्रा गंजाने खाल्ला होता आणि मी त्यावर लांबी ओढून वरून रंग दिला होता. चूक माझी. एकट्याची.

मास्तरांची मर्जी मोडून बोललो. माझी मुलं आता कमावती आहेत, तेव्हा मी फार मोठं धाडस केलंय असं कुणी समजू नये. ज्या दिवशी बोलायला किंमत पडली असती, त्या दिवशी मी बोललो नाही.

चार चांगले शब्द खिशातच राहिले. मास्तरांना आणि वहिनींना पुढची वर्षं निवांत जावोत. वेळ दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द वेडावाकडा गेला असेल, तर तो सभागृहाने पोटात घालावा, अशी विनंती करतो. बाकीचं पोटात घाला, असं मी म्हणणार नाही. ते मास्तरांनी, सिस्टरांनी आणि मालकांनी बघावं. कार्यक्रम संपेपर्यंत मी खालीच बसलोय.