चौथी पायरी

— नाय नाय लडकूकाका, माझ्या तोंडाकडं बघू नका, पडद्याकडं बघा. तिथं लिहिलंय तेवढंच करायचं. मी सांगणार नाय. मी सांगितलं तर मग ह्या पानाचा उपयोग काय? तुमचे कागद निघतील, प्रिंटर तापलाय जरा. तवर बसलायच तर एवढं चालवून द्या — वाडीतल्या जनावरांना लस टोचली की पशुसखीनं मोबाइलवर नोंद कशी करायची, ते शिकवणारं पान हाय. नाय हो, जगात कोणाला दिसत नाय अजून, फक्त ह्या मशीनवर हाय. आधी हितं बांधायचं, म्हणजे पान तयार करायचं, हितंच कोणाकडनं तरी चालवून घ्यायचं, मग नेटवर सोडायचं — अशी रीत हाय. संस्थेच्या मॅडमनी लेखीच घेतलंय आता माझ्याकडनं — 'दर्शना, चालवून बघितल्याबिगर सोडायचं नाय' म्हणून. पाचच्या आत पाहिजे त्यांना. आणि सकाळपासून तीनदा बांधलं, तीनदा मशीननं चूक दाखवली, लाल अक्षरात! कुठं फोटोच सापडत नाय, कुठं आणखी काय — डोकं फिरलंय नुसतं.

झाली पहिली पायरी? गाव टाका. किन्हवली टाका की, तुमचंच. दुसरी — जनावरं भरा. खोटी भरा हो, सराव हाय हा. कपिला... ढवळी... बैल पण? भरा बैल. तिसरी, लसीची तारीख. हां! बघा, धड वाचलं तर काय अडतंय? काय नाय. म्हणून तर त्या संजीवनीचा राग येतो मला. मुरबाडकडची पशुसखी हो, सहा वाड्या तिच्याकडं, डोंगरात पायी फिरायची. बाकीच्या शहापूरला वर्गात शिकल्या, हिला लांब पडलं, म्हणून पानावरनं शिकली — आणि चारशे जनावरांची नोंद घालवून बसली. वर म्हणते कशी, ताई, तुमच्या पानावर होतं तसंच केलं! माझ्या पानावर? मी सरळ लिहून दिलं मॅडमना, पान बरोबर हाय, बाई वाचत नाय. काढलं तिला कामावरनं. मी काय करणार? — कोणी, मी? ते पान मी चालवून बघितलं होतं का? तवा दोन दिवस लाइट नव्हती हो. आली तसं नेटवर सोडून दिलं. एवढी पानं लिहिलीत मी, पाठ हाय मला सगळं. — हे पान पण तेच हाय. फोटो तेवढे नवीन टाकलेत.

काय? गेली? काय गेली — सगळी? कपिला पण? काय तरी भलतंच दाबलंत तुमी. सरका. सरका म्हणते ना! बोट कुठं ठेवलंत? 'रिकामं करा'वर? अहो काका, ते 'पाठवा' दाबल्यावर! आधी नोंद संस्थेला पाठवायची, मग पुढच्या वाडीसाठी मोबाइल रिकामा करायचा, एवढी साधी अक्कल — कुठं लिहिलंय म्हणजे? हे काय, पाचवी पायरी. पाठवा. आणि चौथी —

चौथी, रिकामं करा.

थांबा. बोलू नका जरा. नेटवरचं जुनं उघडते... हितं पण तसंच हाय. आठ महिने तसंच हाय. मग बाकीच्या कोणाचं कसं गेलं नाय? बाकीच्यांनी... बाकीच्यांनी उघडलंच नाय हो माझं पान. ती एकटीच वाचत होती. एकेक ओळ वाचून केलं असेल तिनं, आणि मी लिहून दिलं, बाई वाचत नाय.

— हाय ना तिचा नंबर. का नसेल? अकरा फोन आलेले तिचे. नाय उचलले. काय बोलणार होते मी? आता पण काय बोलू, काका, सांगा ना — नाय, सांगू नका. काय सांगू नका. हे घ्या तुमचे कागद, निघाले. पैसे नकोत. नकोत म्हणते ना. जाताना ते दार तेवढं ओढून घ्या. जा तुमी.