आरशात उतरलेला सूर्य

माजं नाव गौतम, गाव माकणी. धरण हाय न्हाय का, त्याच्या अलीकडं आमची वस्ती. बाप सालगडी, आई रोजानं रानात जायची, म्या सातवीपतुर शिकलो आन मंग नळदुर्गला हायवेच्या कडंला वेल्डिंगच्या दुकानात लागलो. ट्रकचं फाळकं, ढाब्याच्या लोखंडी खाटा, शाळंचं गेट, काय म्हणाल ते जोडलं. उस्ताद गिऱ्हाइकाला म्हणायचा, ह्याचा जोड शोधून दाखवा. लई बरं वाटायचं तवा. पंधरा-सोळा वर्षं तेच केलं, दुसरं काय येतबी नव्हतं.

बायकू सुशीला, तेरखेड्याची. तिकडं फटाक्याचं काम चालतं, तुमाला ठावं असंल. ही आन हिची धाकटी भैन एका शेडमधी वाती वळायला जायच्या. एक दिस ही पाणी प्यायला भायेर आली आन मागं शेड उडाली. भैन आत हुती. काय काय बघितलं ते तिनं मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, म्याबी परत इचारलं न्हाय, तुमीबी इचारू नका. पर तवापसनं हिच्याच्यानं काडी वढवंना. जाळ बघितला की आंगणात जाऊन बसायची.

आई हुती तवर चुलीचं आईच बघायची. आई गेली, मंग म्या सकाळी भाकऱ्या थापून, कालवण करून दुकानावर जायचो. गॅस आला घरात, पर लायटर टक वाजलं की ही भायेर. लोक हसायचे, बायकू खाटंवर आन गडी काटवटीवर. हसू द्या, पर तिच्या कानावर गेलं की ती दोन-दोन दिस जेवायची न्हाय, त्याला काय करू?

एक मास्तर जीपचं काम घेऊन आलते दुकानात. ते बोलता बोलता म्हणले, आरशानं ऊन एका जागी गोळा केलं की त्याच्यावर डाळ शिजती, जाळ लागत न्हाय. काय सांगू तुमाला, ते माज्या डोक्यातनं जाईना. जाळच न्हाय म्हणल्यावर सुशीला जवळ उभी ऱ्हाईल की. भंगारातनं टीव्हीची जुनी मोठी छत्री आणली, आरशाचं तळहाताएवढं तुकडं कापून घेतलं, फुडं भांडं ठिवायला लोखंडी कडी जोडली. तिथपतुर सगळं माज्या हातातलं काम.

पर तुकडं नीट वळवावं लागत्यात. प्रत्येकाचं ऊन त्या कडीतच पडलं पायजे, आन मागचा चिकटवायचा मसाला वला हाय तवरच तुकडा हालतो. मंग म्या काय केलं, जिथं भांडं ठिवायचं तिथं माजंच डोस्कं ठिवलं, आन एकेका तुकड्यात सूर्य दिसतोय का ते बघत बसलो. वेल्डिंगची काळी काच हुती जवळ. तिच्यातनं तुकडा कुठला तेच कळंना, म्हणून काढून ठिवली. सुशीला दारातनं म्हणली, अवं, सूर्याकडं बघू नका. म्या म्हणलं, येडे, सूर्याकडं माजी पाठ हाय. पाठच हुती की वो. सूर्य आरशात उतरलाय एवढं माज्या ध्यानात आलं न्हाय, सोळा वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाच्या.

दुखलं न्हाय काय न्हाय. दुपारी जेवताना ताटाच्या मधी काळा डाग. ताट फिरवलं तरी डाग मधीच. सोलापूरला डॉक्टर म्हणले, डोळ्याचा आतला पडदा जळलाय, ह्याला औषध न्हाय. आता कडंकडंचं दिसतं, मधलं न्हाय. चालता येतं, पर जोड कसा दिसावा? उस्ताद लई हळहळला, पर कामाला कसा ठिवंल? सुशीला खुरपायला जाऊ लागली आन म्या घरात बसलो.

एक दिस हातोडा घेतला आन छत्रीकडं गेलो. सुशीलानं हात धरला. म्हणली, माजी भैन गेली तवा काय चुकलं ते मला कुणीबी सांगितलं न्हाय. हितं काय चुकलं ते आपल्याला ठावं हाय. मोडू नका.

मंग तिनंच सगळं ठरवलं. जुनं तुकडं खरवडून काढलं, नव्यानं बशिवलं. छत्रीवर पोतं, एका वक्ताला एकच तुकडा उघडा, बाकी झाकलेलं. कडीत फळी बांधली, तिला शेण-माती सारवली म्हंजी चमकणार न्हाय, आन त्या फळीवर कोळशानं गोल काढला. डोस्कं फुडं घालायचंच न्हाय, बाजूला उभं ऱ्हायाचं. म्या तोंड फिरवून बोटानं तुकडा दाबायचो, ती फळीवरचा कवडसा बघून सांगायची, वर, आजून, जरा माज्याकडं, बास. छत्री सूर्याकडं वळवायलाबी वर बघायचं न्हाय. काठावर एक खिळा सरळ उभा केलाय, त्याची सावली नाहीशी झाली की छत्री बरुबर. जवळ पाण्याची बादली, कडबा लांब, आन काम झालं की पोतं टाकून छत्रीचं तोंड भुईकडं. आठ दिस लागलं आमाला.

पयली तुरीची डाळ शिजली तवा मला वाटलं ही हसंल. तिनं एक वाटी भरून घेतली आन तशीच हातात धरून बसली, पार गार झाली डाळ.

आता लोक येत्यात, आमाला करून द्या म्हणत्यात. चाचपून सांगाडा बशिवतो म्या आजून. पर घरातल्या दोघांनी आठ दिस हितं येऊन वळवायचं शिकायचं, न्हायतर देत न्हाय. एकजण चिडून गेला, म्हणला आंधळा कुणाला शिकिवतो. जाऊ दे.

हिचं तोंड बघायचं म्हणलं तर मला हिच्या कानाच्या भायेर बघावं लागतं, तवा कुठं जरा धुकट दिसतं. ती म्हणती, कुठं बघायलाव? म्या म्हणतो, तुज्याकडंच.

उठा, डाळ झाली असंल, खाऊन जा. असं मागनं या, छत्रीच्या मागनं. फुडनं नगा येऊ.