मिठाच्या लॉरीची वायरिंग

आमी बाळकुमचे, आगरी मानसं. आजा मिठागरात, बापूस मिठागरात, आयशीची तर मिठाच्या पाट्या वाहून वाहून मान आखडलेली. मी धर्मा, धाकटा, मलाच ते मीठ नको व्हतं. मला विजेचं वेड. लढाई संपली, कल्यानकडल्या मिलिटरीच्या जुन्या लॉर्‍या विकायला निघाल्या, आनि जो तो लॉरी घ्यायला धावला, चालवायची कशी ते ठाऊक नाय पन लॉरी पायजे! त्यांच्या वायरी म्हंजे काय सांगू तुमाला, कुठं उंदरांनी खाल्लेल्या, कुठं सोल्जरांनी कापून भलतीकडंच जोडलेल्या. त्या काढून नव्या घालायचं काम मी कल्यानच्या एका गॅरेजात शिकलो.

शिकलो ते मिस्त्रीकडून नाय हां. तो मिस्त्री कसला, गाढव व्हता. दातानं वायर सोलायचा. फ्यूज उडाला की शिग्रेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचा. घरात दिव्याला जी जाड तारेची वायर असते ना, ती लॉरीत घालायचा. अरे, घर काय हलतं काय? लॉरी हलते, जाड तार हलून हलून तुटते, तिला बारीक तारांची वळलेली वायर लागते, ती वाकते पन तुटत नाय. आनि तारांच्या सांध्याला कथलाचा डाग देताना तेजाब लावायचा, तेजाबानं कथील पटकन बसतं ना, म्हनून. चार महिन्यांत तो सांधा हिरवा पडून हातात येतो. राळ लावावी, राळ. मी तसं बोल्लो तर मलाच बोल्ला, तू मिठागरातला, तुला काय कळतं. मी मनातल्या मनात थुंकलो त्याच्या तोंडावर.

गिर्‍हाईकं पन तसलीच. डोंबिवलीचे एक साहेब जुनी मोटार घेऊन आलेले, हातात इंग्रजी पुस्तक. बोल्ले, यात इथे लाल वायर दाखवली आहे, तुम्ही निळी का घालता? मी बोल्लो, साहेब, दिव्याला रंग कळत नाय, जाडी कळते. नाय पटलं. मग घातली लाल, बारीक व्हती तरी घातली. दिवे लागले ते देवघरातल्या निरांजनाएवढे. पन लाल व्हती ना, साहेब खूश!

मी माझी हत्यारं वेगळी ठेवायचो, पक्कड, चाकू, डाग द्यायचं लोखंड, आनि एक बल्ब दोन तारा लावलेला, करंट कुठं पोचतो ते बघायला. कोनाला हात लावू द्यायचो नाय. सामान घ्यायचो विठ्ठलवाडीच्या बाजूला, निर्वासितांच्या छावनीत, लीलाराम म्हनून एक सिंधी व्हता त्याच्या पत्र्याच्या टपरीवर. तिकडं सिंधमध्ये त्याचं कापडाचं दुकान व्हतं म्हने. मी त्याची टर उडवायचो, बोलायचो, शेठ, ही वायर काय वारावर मोजून देता काय? तो हसायचा. मी टोक कापून बघायचो, तारा मोजायचो, तांबं खरवडून बघायचो, तो हात बांधून उभा. एवढं खरं, कुठल्या मिस्त्रीची कुठली वायर कशानं खराब झाली ते तो सगळ्यांना विचारत र्‍हायचा. मला वाटायचं, कापडवाला तो, विचारून विचारून किती शिकनार?

मग आमच्या दादूसनं लॉरी घेतली. दादूस म्हंजे माझा थोरला भाऊ, बाळाराम. आयशीच्या पाटल्या मोडल्या, गावचं मीठ आपल्याच लॉरीतून न्यायचं म्हनून. वायरिंग मी करनार, दुसरं कोन? आता मीठ मला ठाऊक. फळ्यांमधून खारं पानी ठिबकनार, तांबं खानार. खार्‍या पान्याला आमच्याकडं एकच इलाज, डांबर. होडीला आमी डांबर लावतो, वरीस वरीस पानी आत येत नाय. मी लीलारामला बोल्लो, वायरींच्या जुडीवर डांबरात बुडवलेली सुतळी गुंडाळनार. तो घाबरला. बोल्ला, धर्माभाऊ, नको, डांबर रबर को खा जाता है, वायरचा रबर लोण्यासारखा मऊ होणार, सुती पट्टी न्या, वरून लाखेचा व्हार्निश मारा. मी हसलो. बोल्लो, शेठ, तुमी कापड विका, पानी कसं आडवायचं ते आगर्‍याला शिकवू नका.

आनि पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथं धारेनं ती कापू नये म्हनून रबराची रिंग बसवतात, ती पन मी बसवली नाय. डांबराची एवढी जाडी हाय, रिंग कशाला?

उन्हाळ्यात, भर दुपारी, बाळकुमच्या रस्त्यालाच, मिठानं भरलेली लॉरी. खालून धूर आला. बॅटरीच्या मोठ्या लाइनीला फ्यूज नसायचा, कोनाच्याच लॉरीला नसायचा तेव्हा. दादूसनं हात घालून जळती जुडी ओढून काढली, लॉरी वाचवली त्यानं. पन डांबर हाताला चिकटलं, सुटेना. उजव्या हाताची दोन बोटं आज पन वळत नायत.

जळलेली वायर मी सोलून बघितली. रबर मऊ लोन्यासारखा, भोकाच्या धारेनं तांब्यापर्यंत कापलेला. लीलाराम बोल्लेला तस्सा. सगळा गाव भवती उभा, आयस रडते, सगळे मला विचारतात, काय झालं रे धर्मा? आनि मी बोल्लो, वायर खोटी निघाली. त्या निर्वासितानं फसवलं.

झालं. बाळकुमपासून कल्यानपर्यंत आमच्या मानसांनी त्याच्याकडं जायचं सोडलं. त्यांचं बघून बाकीच्यांनी सोडलं. वरीसभरात टपरी बंद. त्या मिस्त्रीला मी गाढव बोल्लो ना मघाशी? तो निदान खोटं तरी बोलायचा नाय.

परवा आंबिवलीला दिसला मला लीलाराम, एका कारखान्याच्या फाटकावर पहार्‍याला. मी तोंड फिरवनार, तर त्यानंच हाक मारली. बोल्ला, धर्माभाऊ, दादाचा हात कसा आहे? मी बोल्लो, बरा हाय. तर बोल्ला, त्या बंडलातली उरलेली वायर मी पुरी उघडून बघितली, मला खोट सापडली नाही, पण तुमच्या भावाला लागलं ते लागलं, मला माफ करा. हात जोडले हो त्यानं! आनि मी काय केलं? मी बोल्लो, जाऊ दे शेठ. माफ केलं मी त्याला!

लिहिलंत ना गुरुजी, मी सांगितलं ते सगळं? दादूसला वाचता येत नाय. आता येईल तो घरी, तुमीच त्याला वाचून दाखवा. मी बाहेर ओट्यावर बसतो.