छबूबाईंची अकरा मिनिटं

...अहो पण अकरा मिनिटं म्हणजे काय हो? चहा निवायला लागतात तेवढी! आमच्या एलिया सरांनी दुसरं काय मागितलं होतं? तुम्हाला सांगतो, हा माणूस शाळेतून रिटायर झाल्यापासून मोबाईल घेऊन घरोघर फिरतो, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं भरून घेतो, गावाचा इतिहास म्हणून, स्वतःच्या हौसेनं, आणि लोक काय विचारतात? "सर, घरकुलाचा सर्व्हे हाय का?"

तर छबूबाई. बहात्तरच्या दुष्काळात गावाचा पाझर तलाव खोदला ना, त्या बायकांच्या टोळीतली ही शेवटची. सरांनी मोबाईल पुढं धरला तर ही आधी पदर सावरते! "मावशी, फोटो नाही, नुसता आवाज." "मग आवाज तर आवाज!" आणि सतरा बायकांची नावं घडाघडा... अठरावं आलं आणि थांबली. मुक्ताबाई. पाटी भरायला वाकली अन् दरड कोसळली अंगावर, जागीच गेली.

"गुर्जी, कोनशिलेवर मंत्री हाय, इंजिनेर हाय. आमची मुक्ता कुटंच न्हाई. एकडाव तिचं नाव भोंग्यावर येऊ द्या. समद्या गावानं ऐकू द्या."

"येणार, मावशी!" सरांनी शब्द दिला.

तलावाच्या पन्नाशीचा कार्यक्रम ठरला. सूत्रसंचालन सरांकडंच. छबूबाई सकाळी नऊला नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. अध्यक्ष उगवले बारा वाजता! मग शाली, मग नारळ, मग फेटे, मग ज्यांचे सुटले त्यांना परत फेटे... सर अध्यक्षांच्या कानाशी लागले, "साहेब, ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग..." "लावू की! आधी हे बोलतील. दोनच मिनिटं, सर!" शेजारचे पुढारी उठले, चाळीस मिनिटं बोलले, त्यात तलाव एकदाही आला नाही, त्यांचे आजोबा तीनदा आले! मग आणखी एक, दोनच मिनिटं, सर! छबूबाई खालून खुणेनं विचारतायत, आता? आणि सर दोन बोटं दाखवतायत... तीन वाजता लाईटच गेली. झालं!

"मावशी, पुढच्या कार्यक्रमाला नक्की..."

"व्हय गुर्जी. मोठी मानसं बोलली, बरं झालं."

अहो, रागावली असती तरी चाललं असतं! सरांना मान वर करवेना. कारण माईक कुणाच्या हातात होता? दिवसभर त्यांच्याच!

आणि नवव्या दिवशी छबूबाई गेल्या. झोपेतच.

सरांना दोन दिवस घास गेला नाही. मग दहाव्याला, तलावाच्या काठावरच होता दहावा, त्यांनी देवळाली प्रवराहून आसाराम माईकवाल्याला बोलावलं. कावळा शिवला, आणि श्रद्धांजलीला उठलं कोण? अहो, तेच सगळे! "छबूबाई म्हणजे गावाची माऊली..." माऊली दिवसभर समोर बसली होती तेव्हा कुठं होता रे बाबांनो? सर जवळ गेले, तर परत तेच. दोनच मिनिटं, सर!

आणि तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात ज्यानं पोरांवर छडी उगारली नाही, त्या माणसानं बोलणाऱ्याच्या हातातून माईक ओढून घेतला. "पुरे!"

एवढंच. लोकांना वाटलं, कार्यक्रम संपला. उठले सगळे! मोटारसायकली सुरू झाल्या, घरची माणसं पंगत मांडायला धावली. सरांनी मोबाईल माईकला लावला, आणि रिकाम्या मांडवात छबूबाई बोलायला लागल्या. एकेक नाव भोंग्यातून निघून पाण्यावरून पार पलीकडच्या काठाला. सतरा झाली. मग ती थांबली, तशीच थांबली... आणि मुक्ताबाई. सर माईकच्या दांड्याला धरून उभे, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान नाही.

वायर गुंडाळता गुंडाळता आसाराम थबकला. पुरी अकरा मिनिटं ऐकलं त्यानं. एकट्यानं. मग सरांजवळ येऊन म्हणतो, "सर, ह्या बाई लई झ्याक बोलत्यात हो. मघाशी ह्यांनाच उभं करायचं व्हतं की भाषनाला!"