टिटवीची अंडी

डोळ्यांत थेंब घालून नर्सनं दोघांना बाकावर बसवलं होतं. निवृत्त फौजी आणि एक म्हातारी मिटल्या डोळ्यांनीच गप्पा हाणत होते.

“आमच्या वेळी रणगाड्याचं जळकं ऑइल सरळ ओढ्यात सोडायचो. आता खाली ट्रे ठेवतात. थेंब सांडला, की पर्यावरणवाला साहेब हजर!”

“अगंबाई! आणि तोफा?”

“इथल्या सरावाच्या माळावर टिटवीनं अंडी घातली, तर पिल्लं उडेपर्यंत तोफा बंद.”

“त्याच माळावर आमचं गाव होतं. लष्करानं गाव उठवलं, तेव्हा मला बाळंतिणीला खाटेसकट उचलून ट्रकात टाकलं.”

“तेव्हा असले नियम कुठे होते, ताई?”

“छे हो, माझंच मेलीचं चुकलं. पोराऐवजी अंडी घालायला हवी होती.”